एमबीएची इंटर्नशिप : कामातून शिकणं म्हणजे नेमकं काय?



तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेची शिक्षिका आणि लिहायला बसली एमबीएवर! पण खेड्यातल्या शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असेल. आपल्याकडे चौथी-सातवी शिकून गेलेली मुलं मोठी होतात, शहरात जातात, आणि त्यांचे आईवडील मात्र काही अडलं की आपल्याकडेच विचारायला येतात. फॉर्म कसा भरायचा, कर्जाचे कागद कोणते लागतात, हे कॉलेज बरं की ते. त्यात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे.

"मॅडम, पोरगी एमबीए करून राहिली. आता म्हणते दोन महिने इंटर्नशिप आहे. कॉलेज सोडून कंपनीतच काम करायचं होतं, तर एवढी फी कशाची भरली आपण?"

प्रश्न रास्त आहे. दोन एकर शेतीवर कर्ज काढून मुलीला शिकवणाऱ्या बापाला तो पडणारच. त्याला "अभ्यासक्रमात आहे म्हणून करायची" एवढंच उत्तर देणं पुरेसं नाही. म्हणून आज इंटर्नशिप म्हणजे काय, त्यातून शिकणं कसं घडतं, ते कधी घडत नाही आणि पालक-शिक्षक म्हणून आपण काय बघायला हवं, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू

एमबीए ही पदवीनंतरची व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. साधारण दोन वर्षं, चार सत्रं. बहुतेक ठिकाणी दुसरं सत्र संपलं की उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे विद्यार्थ्याला एखाद्या कंपनीत, कारखान्यात, बँकेत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करावं लागतं. मग त्यावर अहवाल लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची आणि त्याचे गुण मिळतात. ही झाली इंटर्नशिप. मराठीत आपण तिला आंतरवासिता म्हणतो. पूर्वी गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या शिष्याला अंतेवासी म्हणत. आंतरवासिता हा शब्द ऐकला की मला तोच आठवतो. दोन्हींत मुद्दा एकच, जिथं काम चालतं तिथं राहून शिकायचं.

आता काही शब्द वेगळे करून ठेवा, कारण पालकांची गफलत इथंच होते.

• प्लेसमेंट : आपल्याकडे या शब्दाचा अर्थ कॉलेजमार्फत मिळणारी नोकरी असा झाला आहे. इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे. चांगलं काम केल्यावर तिथंच नोकरी मिळालेली मुलं असतात, पण तसं वचन कुणी देत नाही.

• अप्रेंटिस : हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा प्रकार. आयटीआयच्या मुलांमुळे तो आपल्याला माहीत आहे. तिथं रीतसर करार होतो आणि विद्यावेतन मिळतं.

• मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : २०२४ मध्ये सुरू झाली. बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत या योजनेतून आलेले प्रशिक्षणार्थी होते. ही योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. एमबीएची इंटर्नशिप ही शिक्षण चालू असतानाची गोष्ट आहे, तिच्यावर गुण अवलंबून असतात.

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी करताना महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात पदव्युत्तर पदवीच्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी ४ श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे हा विषय आता फक्त एमबीएवाल्यांचा राहिला नाही. उद्या एमए, एमएस्सी करणाऱ्या मुलाच्या घरीही हाच प्रश्न येणार आहे.

ही कल्पना वर्ध्याला नवीन नाही

पुस्तकी शिक्षणाला प्रत्यक्ष कामाची जोड देण्याचे प्रयोग जगात बरेच झाले. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आलटून-पालटून काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत सगळीकडे पसरली.

पण आपण वर्ध्याची माणसं. आपल्याला त्यासाठी सिनसिनाटीपर्यंत जायची गरज नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना पुढे आली. डीएडला आपण सगळ्यांनी 'मूलोद्योग' आणि 'समवाय' हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले आहेत. पण त्यातला गाभा पुन्हा एकदा बघा. मुलाला टकळी हातात देऊन सूत कातायला लावलं की झालं शिक्षण, असं गांधीजींचं म्हणणं नव्हतंच. हस्तोद्योग यंत्रासारखा शिकवू नये, त्यातल्या प्रत्येक क्रियेमागचं 'का' आणि 'कशासाठी' मुलाला कळलं पाहिजे, यावर त्यांचा भर होता. सूत कातताना किती तार निघाले हे मोजणं म्हणजे गणित, कापूस कुठल्या जमिनीत येतो हा भूगोल, कापड गिरण्या आल्यावर गावच्या विणकराचं काय झालं हा इतिहास. कामाशी ज्ञानाचा असा सांधा जोडणं म्हणजे समवाय.

हा सांधा जुळला नाही तर उरते ती नुसती मजुरी. एमबीएच्या इंटर्नशिपची कसोटी नेमकी हीच आहे.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आजही हा विचार चालताना दिसतो. १९६९ साली सुरू झालेल्या या वैद्यकीय महाविद्यालयात नवीन विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात शिबिरासाठी राहतात, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. गावात राहायचं, घरोघरी जायचं, कुटुंबांची माहिती घ्यायची. आजार पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्या घरात तो होतो ते घर बघणं वेगळं, हे डॉक्टरकीच्या पहिल्या पायरीवरच कळावं हा हेतू.

व्यवस्थापनाच्या शिक्षणातही असं उदाहरण आहे. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ साली गुजरातेत आणंदला इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. दुधाच्या धंद्याचं व्यवस्थापन शिकायचं तर दूध घालणाऱ्या बाईच्या गोठ्यापर्यंत जावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. आणि मुंबई विद्यापीठाची १९६५ मध्ये सुरू झालेली नामांकित व्यवस्थापन संस्था ज्यांच्या नावाने आहे, ते जमनालाल बजाज तर वर्ध्याचेच. उद्योग आणि समाज यांची ताटातूट करू नये हे त्यांनी याच गावात राहून दाखवलं.

एक उदाहरण घेऊ : हिंगणघाटची जिनिंग

आता प्रत्यक्ष शिकणं कसं घडतं ते उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या जिल्ह्यात रोज घडणारी आहे.

समजा, समुद्रपूर तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक शेतकऱ्याची मुलगी नागपूरला एमबीए करते आहे. तिला हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. मालकाने काम दिलं, "मागच्या हंगामात आमचा रुईचा उतारा कमी-जास्त का झाला, ते शोधून दे."

शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. याला उतारा म्हणतात. ३४ टक्के आणि ३३ टक्के, ऐकायला फरक एकाचाच. आता हिशोब करा. १,००० क्विंटल कापूस घेतला, उतारा ३४ टक्के पडला तर ३४० क्विंटल रुई. १७० किलोची एक गाठ धरली तर बरोबर २०० गाठी. उतारा ३३ टक्के पडला तर ३३० क्विंटल, म्हणजे १९४ गाठी. एका टक्क्यात सहा गाठी गेल्या! हा हिशोब आपला सातवीचा विद्यार्थीही करेल. पण उतारा का घसरला, हे शोधायला एमबीएची मुलगी लागते. आणि तिला ते वर्गात बसून सापडणार नाही.

ती पहिल्या आठवड्यात काटापावत्या आणि गाठींचं रजिस्टर घेऊन बसते. कोणत्या दिवशी किती कापूस आला, त्याच्या किती गाठी झाल्या, असा तक्ता करते. तिला दिसतं की दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा हंगामाच्या शेवटी उतारा खाली गेला आहे. आकडा सापडला, पण कारण नाही.

कारण तिला यार्डातला जुना हमाल सांगतो. सुरुवातीच्या वेचणीचा कापूस ओला असतो. ओलाव्याचं वजन काट्यावर भरतं, पण त्यातून रुई निघत नाही. आणि शेवटी येते ती फरदड, तिचा दर्जा हलका. हमाल हे मशीन न लावता, मुठीत कापूस धरून सांगतो. मग तिला कळतं की हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, हा नियम आला कुठून.

आता पुढचा प्रश्न. शेतकरी ओला कापूस आणतोच कशाला? दोन दिवस वाळवून का आणत नाही? याचं उत्तर मात्र तिला कुणाला विचारावं लागत नाही. तिच्याच घरी वेचणीची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते, दिवाळी तोंडावर असते, आणि घरात वाळवायला जागा नसते. आजवर ती हे बंडीवर बसून बघत आली, आता काट्याच्या पलीकडून बघते आहे.

बघा, इथं काय काय जुळलं. वर्गात शिकलेलं गुणवत्ता नियंत्रण, खर्चाचा हिशोब, मालसाठा, पुरवठादाराशी नातं, हे सगळे धडे एका प्रश्नात आले. अहवालात ती नुसतं "शेतकऱ्यांनी कोरडा कापूस आणावा" असं लिहून मोकळी होणार नाही. कोरड्या कापसाला जागेवरच वाढीव भाव देता येईल का, यार्डात वाळवायला शेड केली तर खर्च किती आणि सहा गाठींच्या हिशोबात तो कधी भरून निघेल, असं ती मांडेल. मालकालाही उपयोग आणि शेतकऱ्यालाही.

तिच्या वडिलांनी फी कशाची भरली, याचं उत्तर या आठ आठवड्यांत आहे.

शिकणं घडतं ते चार टप्प्यांत

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली अनुभवातून शिकण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक चक्र सांगितलं. आपल्या उदाहरणाला ते लावून बघा.

१. अनुभव : प्रत्यक्ष कामात हात घालणं. रजिस्टर चाळणं, काट्यावर उभं राहणं.
२. निरीक्षण आणि विचार : दिवसभर जे दिसलं त्यावर थांबून विचार करणं. हे असं का झालं?
३. संकल्पना : दिसलेल्या गोष्टींतून नियम काढणं, पुस्तकातल्या नियमाशी तो ताडून बघणं.
४. प्रयोग : नवीन समज पुढच्या कामात वापरून बघणं. आणि मग पुन्हा पहिला टप्पा.

बहुतेक इंटर्नशिपमध्ये पहिला टप्पा होतो आणि गाडी तिथंच थांबते. मुलगा सकाळी जातो, संध्याकाळी येतो, दमतो. दोन महिने कष्ट खूप होतात, शिकणं थोडं होतं.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. डीएडचा छात्रसेवाकाल आठवा. आपण शाळेत पाठ घ्यायचो पस्तीस मिनिटांचा. पण आधी पाठ टाचण, पाठ चालू असताना मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले मार्गदर्शक आणि मैत्रिणी, आणि पाठ संपल्यावरची चर्चा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबा, हे सगळं त्या चर्चेत कळायचं. पाठ हा अनुभव होता, त्याचं शिक्षण झालं ते नंतरच्या बोलण्यात. इंटर्नशिपलाही ही निरीक्षण वही आणि ही चर्चा लागते. ती देणारं माणूस तिथं आहे का, हा खरा प्रश्न.

कागदावरची इंटर्नशिप

आता नाण्याची दुसरी बाजूही बोलायला हवी.

पहिला प्रकार, विकतचं प्रमाणपत्र. "इतके पैसे भरा, प्रमाणपत्र आणि तयार अहवाल मिळेल," अशा जाहिराती मुलांच्या मोबाइलवर फिरत असतात. मुलगा घरी झोपलेला आणि कागदावर मात्र आठ आठवड्यांचं काम. अहवालही गेल्या वर्षीच्या मुलाचा, वरचं नाव बदललेलं. मुलाखतीत कुणी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही तिथं रोज काय करत होता?" की सगळं उघडं पडतं.

दुसरा प्रकार, फुकटचा विक्रेता. मुलांना टार्गेट दिलं जातं, इतक्या पॉलिस्या विका, इतके कोर्स विका. मुलं काका-मामा-आत्याकडे जातात, नातेवाइकांची यादी संपली की इंटर्नशिप संपते. विक्री शिकणं वाईट नाही, व्यवस्थापनात ती मोठी विद्या आहे. पण ग्राहक का घेतो, का नाकारतो, यावर कुणी बोलत नसेल तर ते शिक्षण नाही.

तिसरा प्रकार, रिकामं बसणं. ओळखीने एखाद्या ऑफिसात जागा मिळते, तिथं कुणाला वेळ नसतो. फाइली लावा, झेरॉक्स काढून आणा, आणि शेवटी साहेबांबरोबर फोटो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण दोन महिने मात्र जातात.

हे दोन महिने का महत्त्वाचे, तेही सांगते. ज्यांच्या घरात दुकान आहे, धंदा आहे, त्या मुलांना गल्ल्यावर बसून बरंच काही आपोआप कळतं. उधारी कशी वसूल करावी, माल कधी भरावा, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं. शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांना ही संधी बहुधा इंटर्नशिपमध्येच पहिल्यांदा मिळते. ती कागदावर उरकली की नुकसान त्यांचंच जास्त होतं.

पालकांनी विचारायचे सहा प्रश्न

इंग्रजी येत नाही, एमबीए कळत नाही, म्हणून मागे राहू नका. हे प्रश्न मराठीतच विचारायचे आहेत.

१. काम काय आहे? मुलाला आपल्या कामाचा प्रश्न दोन वाक्यांत, साध्या भाषेत सांगता आला पाहिजे. "मार्केटिंग आहे" हे उत्तर नव्हे. "हळद थेट ग्राहकाला विकली तर पोत्यामागे किती जास्त पैसे मिळतील ते काढायचं आहे," हे उत्तर.

२. शिकवणार कोण? कंपनीतलं एक आणि कॉलेजमधलं एक, अशी दोन माणसं नावानिशी माहीत हवीत. कॉलेजचे मार्गदर्शक या काळात किती वेळा बोलणार, हेही विचारा.

३. हंगाम कोणता? हा प्रश्न शहरातले लोक विचारत नाहीत, पण आपल्या जिल्ह्यात तो फार महत्त्वाचा. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. मे-जूनमध्ये गेलेल्या मुलीला यंत्रं थंड दिसतील. तिने रजिस्टरवरून हंगामाचा अभ्यास करायचा, हे आधीच ठरलेलं बरं. उलट कृषी सेवा केंद्रं आणि बियाणं-खताचा व्यापार मे-जूनमध्ये ऐन भरात असतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्यात ती उकडून, वाळवून विक्रीला तयार असते, म्हणून विक्रीचा अभ्यास तेव्हा चांगला होतो. काम बघताना कॅलेंडर बघा.

४. पैसे कोण कुणाला देतं? मानधन मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तरी राहणं-जाणं-खाणं यांचा खर्च आधी मांडा. पण इंटर्नशिप देण्यासाठी कुणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर सावध व्हा.

५. मुलगी सुरक्षित आहे का? राहण्याची जागा आणि येण्या-जाण्याच्या वेळा बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ही माहिती मुलीला जायच्या आधी द्या. घाबरवण्यासाठी नाही, माहीत असावं म्हणून.

६. आज काय शिकलीस? हा शेवटचा प्रश्न रोज रात्री फोनवर विचारायचा. "जेवलीस का"च्या पाठोपाठ. ज्या मुलीला आपलं काम आईला समजेल असं सांगता येतं, तिला ते काम समजलेलं असतं.

रोजची एक वही

इंटर्नशिपला जाणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट सांगते, दोनशे पानी वही घेऊन जा. रोज रात्री चार ओळी लिहायच्या.

• आज काय केलं?
• काय बघून नवल वाटलं?
• कोणता प्रश्न पडला आणि तो उद्या कुणाला विचारणार?
• पुस्तकात वाचलेलं यात कुठं जुळलं, कुठं जुळलं नाही?

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुस्तक आणि काम जिथं जुळत नाही, तिथंच खरं शिकायला मिळतं. आणि प्रश्न विचारताना फक्त साहेबांना विचारू नका. काट्यावरचा माणूस, हमाल, मुनीमजी, ड्रायव्हर, चहावाला, या माणसांना धंद्याची नाडी कळते. दोन महिन्यांनी अहवाल लिहायला बसलं की ही वहीच अहवाल होते, दुसऱ्याचा उतरवायची वेळ येत नाही. एक काळजी मात्र घ्यायला सांगा. कंपनीचे आतले आकडे, गिऱ्हाइकांची नावं वहीत असली तरी बाहेर कुणाला दाखवायची नाहीत, मोबाइलच्या स्टेटसवर तर मुळीच नाही. विश्वास सांभाळणं हाही व्यवस्थापनाचा धडा आहे.

मग आपण प्राथमिक शिक्षकांनी काय करायचं?

वयाच्या तेविसाव्या वर्षी "निरीक्षण कर, प्रश्न विचार" असं सांगितलं आणि ते लगेच जमलं, असं होत नाही. ती सवय आपल्या वर्गात लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्या काळात मुलांनी गावच्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलं आहे. म्हणजे इंटर्नशिपचं बी इथंच पेरायचं आहे.

आणि यासाठी वेगळा निधी लागत नाही. आपल्या शाळेत होणारा आनंद मेळावा घ्या. मुलं भजी, पोहे, भेळ, बोरं, घरची भाजी विकायला आणतात. पाहुणे येतात, फोटो होतात, मुलं खूश. बऱ्याच शाळांत मेळावा तिथंच संपतो. तो दुसऱ्या दिवशी वर्गात चालू ठेवा.

• तिसरी-चौथी : किती रुपयांचं सामान आणलं, किती रुपयांची विक्री झाली, हातात काय उरलं? प्रत्येकाने आपला हिशोब फळ्यावर मांडायचा.
• पाचवी : आईने पोहे केले, तिची मेहनत आणि घरचा गॅस हिशोबात धरला का? धरला तर नफा किती राहिला?
• सहावी-सातवी : कुणाची भजी आधी संपली, कुणाची उरली, का? जागा, भाव, चव की ओरडून बोलावण्याची पद्धत? पुढच्या वर्षी काय बदलाल?

पाचवीच्या प्रश्नाला मुलं हमखास अडखळतात. आईच्या मेहनतीचे पैसे धरायचे असतात, हे त्यांना पहिल्यांदाच सुचतं. मग वर्गात जी चर्चा रंगते ती ऐकण्यासारखी असते. खर्च, उत्पन्न, श्रमाचं मोल, ग्राहक, स्पर्धा, सगळं त्या एका परिपाठाच्या वेळेत येतं. हाच धडा एमबीएला जाड पुस्तकात असतो.

असंच एकेका इयत्तेने वर्षातून एकदा गावातलं एक काम बघायला जायचं. पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, सायकलचं दुकान, पोस्ट ऑफिस, काहीही चालेल. जाण्याआधी प्रत्येकाने तीन प्रश्न वहीत लिहून न्यायचे, आल्यावर उत्तरं लिहायची, आणि एक नवीन प्रश्न, जो तिथं गेल्यावर पडला. त्या नवीन प्रश्नाला शाबासकी जरूर द्या.

पालकहो, तुमची मुलगी या उन्हाळ्यात इंटर्नशिपला निघाली असेल तर वरचे सहा प्रश्न एका कागदावर लिहून घ्या आणि ती जायच्या आधी तिच्यासोबत बसून एकेकाचं उत्तर मिळवा. दोन-तीन उत्तरं मिळाली नाहीत तर कॉलेजमध्ये जाऊन विचारा, फी भरणाऱ्याचा तो हक्क आहे. आणि शिक्षक मित्रांनो, आनंद मेळाव्याची तारीख ठरवताना दुसऱ्या दिवसाची पहिली तासिका हिशोबासाठी मोकळी ठेवायला विसरू नका.